अठराशे रुपयांचा आराखडा आणि द्वादशीची भरती

कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातली केळशी ते हेदवी, समुद्राच्या काठाने पाच दिवस पायी, पाठीवर सामान घेऊन. या वाटेचा तयार आराखडा मी डिसेंबरात ऑनलाइन विकत घेतला. किंमत १८०० रुपये. पैसे भरले की दोन गोष्टी मिळतात: चाळीस पानांची पीडीएफ, आणि मोबाइलच्या नकाशात टाकायची जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेची आखलेली रेघ. हा आराखडा घेऊन आम्ही एकदा गेलो आणि अर्ध्यातून परत आलो. दुसऱ्यांदा तीच वाट आमच्या हिशोबाने पुन्हा आखून गेलो आणि पूर्ण केली. दोन्ही वेळचं लिहितो. खान्देशातून कोणी जायचा विचार करत असेल तर त्याचे पैसे आणि दिवस वाचावेत, एवढ्यासाठी. विकणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. मुलं हौशी आहेत, फसवणारी नाहीत, आणि हीच चूक इतरांच्या आराखड्यांतही मी नंतर पाहिली.

मी यावल तालुक्यातला. केळी लावतो. सातपुडा आमच्या शेताच्या बांधावरून दिसतो. मनुदेवी, पाल, पाटणादेवी, तोरणमाळ हे सगळं पायाखालचं आहे. दिवसाला वीस-बावीस किलोमीटर चालणं नवं नाही. पण समुद्र आयुष्यात तीनदा पाहिला होता, तिन्ही वेळा मुंबईत, लग्नकार्याला गेलो तेव्हा. आमची तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते हे माहीत होतं, पण समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं या गोष्टीचा चालण्याशी काय संबंध, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. सोबत माझा मावसभाऊ, भुसावळला रेल्वेत आहे. एक चोपड्याचा मित्र. आणि भाचा, एकोणीस वर्षांचा, मोबाइलवरचं सगळं तोच बघत होता. निघताना गल्लीतल्या आप्पांनी विचारलं, “समुद्राच्या काठानं पायी? कायले भो?” मी म्हटलं, आल्यावर सांगतो.

आधी आराखड्यातलं चांगलं. मुक्कामाच्या गावांची माहिती खरी निघाली. केळशी, आंजर्ले, कर्दे, कोळथरे, गुहागर, प्रत्येक गावात घरगुती राहण्याची सोय आहे, आणि ज्यांचे फोन नंबर दिले होते त्यांनी फोन उचलले. पाणी कुठे मिळतं, दुकान कुठे आहे, एसटी कुठून सुटते, हे नीट लिहिलं होतं. सामानाची यादी शहाणपणाची होती: प्रत्येकी आठ-नऊ किलोच्या वर ओझं नको, वाळूत ते दुप्पट लागतं. हे शंभर टक्के खरं आहे. आम्ही घरून दादर ज्वारीच्या बिबड्या (पापड), शेंगदाण्याची चटणी, फुटाणे आणि गूळ नेला होता. मित्राने हट्टाने केळीच्या वेफर्सचे दोन मोठे पुडे घेतले, ते वजनाला हलके पण जागा खाणारे. पुढच्या वेळी नेले नाहीत.

दाभोळच्या फेरीबोटीची माहितीही बरोबर होती. वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे ही बोट २००३ पासून चालते. माणसं, मोटारसायकली, गाड्या, सगळं एकाच वेळी पलीकडे जातं. ती नसेल तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या किनाऱ्याला जायला चिपळूणवरून सगळं फिरून यावं लागतं. पुढे तवसाळ ते जयगड अशी दुसरी बोट आहे, ती शास्त्री नदीच्या खाडीवर. ज्याला रत्नागिरीकडे उतरायचं असेल त्याला ती लागते. कोकणचा किनारा म्हणजे एक सलग वाळू नव्हे, खाड्यांनी कापलेले तुकडे आहेत, आणि पूल किंवा बोट कुठे आहे यावर वाट ठरते, हे आराखड्याच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे.

आराखड्यात दर दिवसाचं अंतर, चढ, जेवणाचं ठिकाण होतं. सकाळी सात वाजता निघा, बारापर्यंत चाला, दुपारी विश्रांती, असं साधं वेळापत्रक. आमच्यासारख्या शेतकरी माणसाला ते पटलंच, उन्हाच्या आत काम उरकायचं. पण कोणत्या दिवशी पाणी किती वाजता भरणार आणि किती वाजता सुकणार, याबद्दल चाळीस पानांत एक ओळ होती: “भरतीच्या वेळी काळजी घ्यावी.” बस.

पहिल्या दिवशी केळशीहून सात वाजता निघालो. पाणी पार वरपर्यंत आलेलं. ओली, कडक वाळू, जिच्यावर रस्त्यासारखं चालता येतं, ती सगळी पाण्याखाली. आम्हाला उरली वरची कोरडी भुसभुशीत वाळू, सुरूच्या झाडांखालची. प्रत्येक पाऊल घोट्यापर्यंत आत जायचं. तासाला चार किलोमीटर धरले होते, दोनच्या पुढे जाईना. मावसभाऊ दोनदा थांबून बूट काढून वाळू झटकत बसला, शेवटी त्याने बूट गळ्यात अडकवले. उटंबरच्या डोंगराला वळसा घालून आडे, पाडले करत आंजर्ल्याला पोहोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. गंमत अशी की दुपारी पाणी मागे गेलेलं आणि ओल्या वाळूचा पट्टा लांबच लांब पसरलेला, पण तेव्हा आमच्या पायांत जीव नव्हता आणि ऊन डोक्यावर होतं. खान्देशातलं ऊन आम्ही सोसतो, पंचेचाळीस अंशात शेतात उभे राहतो, पण तिथली हवा कोरडी. इथे घाम वाळतच नाही. दिवसाला प्रत्येकी चार लिटर पाणी आणि सोबत मीठ-साखर लागली. आराखड्यात तीन लिटर लिहिलं होतं. हिवाळ्यातही चारच धरा.

आंजर्ल्याला आराखड्यात एक रात्र वाळूवर तंबू ठोकायची सूचना होती, शेकोटीसकट. मी ज्यांच्याकडे जेवलो त्या काकांनी हात जोडून नको म्हणून सांगितलं. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून. मादी रात्री वर येते, उजेड किंवा माणसं दिसली की परत फिरते. पिल्लंही पाण्यावरच्या उजेडाच्या दिशेने चालतात, शेकोटी पेटलेली असेल तर ती तिकडे वळतात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला हे संवर्धनाचं काम सुरू केलं, पुढे ते कोकणातल्या इतर गावांत पसरलं, आणि आता गावकरीच घरटी राखतात. ज्या वाटेचे पैसे घेऊन तुम्ही माणसं पाठवता त्या वाटेवरच्या या गोष्टीची माहिती नसणं मला मान्य नाही. ही चूक मी सगळ्यात मोठी मानतो, भरतीच्या चुकीपेक्षाही. आम्ही घरात झोपलो.

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा पूल ओलांडून हर्णै. बंदरावर लिलाव चालला होता, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. तिथून मुरूड आणि कर्दे. पुन्हा सकाळी पाणी वर, पुन्हा कोरडी वाळू, पण मुरूड-कर्द्याचा किनारा सपाट आणि लांब, त्यामुळे जमलं.

खरी अडचण तिसऱ्या दिवशी आली. कर्द्याहून साडेसहाला निघून लाडघरच्या पुढे बुरोंडीकडे जाताना डोंगराचा पाय समुद्रात उतरतो. आराखड्याची निळी रेघ त्या डोंगराच्या पायथ्याने, खडकांवरून, सरळ बुरोंडीला जात होती. भाच्याच्या मोबाइलमध्ये ती रेघ सरळ पुढे, आणि रेघेच्या जागी मात्र कमरेइतकं पाणी. लाटा खडकावर आपटून फेस वर येत होता. खडक कालवांनी, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांनी भरलेले, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. मित्राने एका खडकावर हात टेकला आणि तळवा उघडला. मोठी जखम नव्हती, पण खाऱ्या पाण्यात रक्त लवकर थांबत नाही. पाणी वाढत होतं की कमी होत होतं हेसुद्धा आम्हाला कळत नव्हतं. मी मागे फिरायचं ठरवलं. भाचा म्हणाला, “मामा, रेघ तर इथूनच आहे.” रेघ इथूनच आहे आणि वाट नाही, हे त्याला पटायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मला आजही आठवतात, कारण तेवढ्यात ज्या दगडावरून आलो तो दगड बुडला होता.

लाडघरला परत आलो. एका घराच्या ओट्यावर पाणी मागितलं. तिथे एक मावशी बसल्या होत्या, साठीच्या. शेजारी रिकामी टोपली, आणि हातभर लाकडी दांड्याला बसवलेलं टोकदार लोखंड. कुठून आलात, कुठे जाताय, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं. “आज बारस ना? बाराचं पाऊण किती? नऊ. नवाला पाणी भरतंय. तुम्ही भरत्या पाण्यात चाललात. तीनला सुकेल. आम्ही दीडला जाणार कालवं काढायला, तेव्हा या आमच्यासंगं.”

तिथीला पाऊणपट करायची. जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसा तेच, रात्री तेच, थोडी मिनिटं पुढे. त्यापासून सहा तास पुढे किंवा मागे पाणी पूर्ण सुकलेलं. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब एकच. कोकणातल्या कोळ्यांना आणि कालवं काढणाऱ्या बायकांना तो पाठ आहे. शाळेत आपण शिकलो की भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. मावशींचा हिशोब रोज पंचेचाळीस मिनिटं पुढे सरकतो. तीच गोष्ट, पण बोटांवर करता येण्यासारखी.

दीड वाजता त्यांच्यासोबत गेलो. सकाळी जिथे लाटा फुटत होत्या तिथे काळ्या खडकांचं शेत उघडं पडलं होतं. मावशी आणि आणखी तिघी जणी उकिडव्या बसून त्या टोकदार लोखंडाने खडकावर चिकटलेलं कालव हेरायच्या, एक ठोका, वरचं झाकण उडायचं, दुसऱ्या टोकाने आतला करडा गोळा अलगद काढून डब्यात. एका कालवाला तीन-चार सेकंद. बोलत बोलत, हाताकडे न बघता. मित्राचा कापलेला तळवा पाहून त्यांनी त्याला दाखवलं की खडकावर हात टेकायचाच नाही, पाऊल टाकायचं ते वाळू साचलेल्या खाचेत, आणि ओला हिरवा दगड टाळायचा. त्या डोंगराच्या पायथ्याने आम्ही पाऊण तासात बुरोंडीच्या बाजूला उतरलो. निळी रेघ खरी होती. ती फक्त दिवसातल्या ठरावीक चार तासांपुरती खरी होती.

नंतर भाच्याने शोधून काढलं की रेघ चुकली कशी. ज्यांनी आखली त्यांनी ती उपग्रहाच्या चित्रावर आखली. उपग्रह जेव्हा वरून गेला तेव्हा तिथे ओहोटी होती, म्हणून चित्रात खडक उघडे दिसतात. चित्रावर वेळ लिहिलेली नसते. घरी बसून आखणाऱ्याला ती कायमची जमीन वाटते. अंतरही त्याच रेघेने मोजलेलं. आराखड्यात पाच दिवसांचे ७२ किलोमीटर होते, दुसऱ्या खेपेला आमच्या मोबाइलने ९१ मोजले, कारण जिथे डोंगर आडवा येतो तिथे वर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर चढून पलीकडे उतरावं लागतं.

त्या खेपेला आम्ही कोळथऱ्यानंतर दाभोळला पोहोचून एसटीने परत फिरलो. मित्राचा हात सुजला होता आणि सुट्टी संपली होती.

घरी आल्यावर मला झोप येईना. केळीवाल्याला हा हिशोब अनोळखी नाही, हे मला घरी आल्यावर उमगलं. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. विहिरीत पाणी किती आहे, बागेला किती लागतं, हे सगळं नंतर. आधी लाइट कधी आहे ते बघायचं आणि त्याभोवती दिवस बांधायचा. रात्री दोनला असेल तर दोनला उठायचं. समुद्राचंही तेच आहे. आधी पाण्याची पाळी, मग वाट, मग मुक्काम, आणि सुट्टीचा अर्ज सगळ्यात शेवटी. आम्ही उलटं केलं होतं: नाताळच्या सुट्टीवर तारखा ठरवल्या, त्या आल्या दशमीपासून चतुर्दशीपर्यंत. दशमीला भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नऊला, त्रयोदशीला पावणेदहाला, चतुर्दशीला साडेदहाला. पाचही सकाळी पाणी वर. पाच दिवस चालायला यापेक्षा वाईट तिथी पंचांगात शोधून सापडल्या नसत्या.

मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून जमिनीवर पसरलं आणि भाच्याला समोर बसवलं. सकाळी सात ते अकरा या वेळेत पाणी सुकलेलं हवं. म्हणजे भरती दुपारी दीड ते पाच या वेळेत हवी. म्हणजे तिथी द्वितीया ते षष्ठी. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी सकाळी साडेसात-पावणेआठला. तृतीयेला सव्वादोन आणि साडेआठ. चतुर्थीला तीन आणि सव्वानऊ. पंचमीला पावणेचार आणि दहा. षष्ठीला साडेचार आणि पावणेअकरा. पाच दिवस सलग बसतात, महिन्यात दोनदा. आणखी एक फायदा असा की अमावस्या-पौर्णिमेनंतरचे हे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. उधाणात पाणी खूप वर चढतं तसं खूप खालीही जातं, त्यामुळे सकाळी वाळू रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार दोन्ही कमी. दुपारी मात्र उधाणाचं पाणी पार वरपर्यंत येतं, म्हणून बारा वाजले की किनारा सोडायचा हे पक्कं.

तिथीचा हिशोब हा आखणीसाठी आहे, जिवावर बेतणाऱ्या जागेसाठी नाही. तिथीची क्षय-वृद्धी होते, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. म्हणून तारखा ठरल्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. देहरादूनहून हा तक्ता दरवर्षी निघतो, मुंबई आणि मार्मागोवा यांसारख्या मुख्य बंदरांच्या वेळा आणि पाण्याची उंची मीटरमध्ये असते. मुंबईची वेळ दाभोळला जशीच्या तशी लागू होत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक अवघड जागेला ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर एक तास एवढीच वेळ धरली. निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज पाहिला. भरती ठीक असली तरी दूरच्या वादळाने लाटा उंच येतात, ते तिथीत कळत नाही.

नकाशासाठी ऑर्गॅनिक मॅप्स वापरलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि एकदा महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घेतला की नेटवर्क नसतानाही चालतं. त्यातल्या वाटा ओपनस्ट्रीटमॅपच्या आहेत, म्हणजे लोकांनी स्वतः टाकलेल्या, आणि सड्यावरच्या पायवाटा त्यात दिसतात. विकत घेतलेली रेघ आम्ही त्यातच टाकली आणि तिचे तुकडे केले. हिरवा म्हणजे कधीही चालायचा. पिवळा म्हणजे फक्त ओहोटीत. लाल म्हणजे सोडून द्यायचा, वरून जायचं. भाच्याने हे दोन रात्रींत केलं. लाल तुकडे सात निघाले. कोळथरे ते दाभोळ तर बहुतेक सगळंच आम्ही वरून धरलं, कारण तिथे डोंगर थेट पाण्यात जातात आणि मागे फिरायला जागा नसते.

माघ वद्य द्वितीयेला आम्ही पुन्हा केळशीला होतो. भुसावळहून रात्रीच्या गाडीने कल्याण, पनवेलहून कोकण रेल्वेने खेड, खेडहून एसटीने दापोली, दापोलीहून केळशी. आराखड्यात खेड स्टेशनचा उल्लेखच नाही, तो पुण्या-मुंबईहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी लिहिलाय. गाडी केळशीला लावली तर शेवटच्या दिवशी हेदवीहून ती आणायला परत कोण जाणार, याचंही उत्तर त्यात नाही. एसटी आणि रेल्वेने जाणाऱ्याला ही वाट उलट सोपी आहे, कारण सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या ठिकाणी असला तरी बिघडत नाही.

सकाळी सातला केळशीच्या वाळूवर उतरलो आणि मावसभाऊ नुसता उभा राहिला. डिसेंबरात जिथे पाणी होतं तिथे शंभर-दीडशे पावलं रुंद, ओली, चकचकीत, कडक जमीन होती. बूट बुडत नव्हते. अकराच्या आत आडे, एकला आंजर्ले. दिवस तोच, वाट तीच, माणसं तीच. संध्याकाळी गावकऱ्यांनी जपलेल्या घरट्यातून निघालेली पिल्लं पाण्यात सोडताना पाहिली, दोरीच्या मागे उभं राहून. तळहाताएवढीही नसतात. वाळूवर त्यांच्या पायांची वेलबुट्टी उमटत जाते, लाट येते आणि ती पुसते. मित्र, जो एरवी गप्प बसत नाही, तो अर्धा तास काही बोलला नाही.

तिसरा दिवस, चतुर्थी. लाडघरच्या त्याच खडकांवर साडेआठला पोहोचलो, ओहोटी सव्वानऊला. मावशी तिथेच होत्या, टोपली अर्धी भरलेली. आम्ही त्यांच्यासाठी घरून बिबड्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. त्यांनी ती ओच्यात बांधली आणि मित्राचा तळवा उघडून पाहिला. त्या दिवशी संकष्टी, मावसभावाचा उपास. कोळथऱ्याला घरमालकीण वहिनींनी चंद्रोदयापर्यंत सगळ्यांसाठी जेवण थांबवून ठेवलं, आम्हा उपास नसलेल्यांसाठीसुद्धा.

दाभोळची बोट पंचमीला दुपारी पकडली. साधारण पाऊण-एक तासाला एक सुटते, थांबावं लागलं तरी चहा होतो. धोपाव्याहून गुहागरपर्यंत रिक्षा केली. अर्धी वाट रस्त्याचीच आहे आणि पाय पाचव्या दिवसासाठी राखायचे होते.

आता भाव-मोल. अठराशे रुपयांत राहण्याची ठिकाणं, पाणी, एसटी आणि बोटी मिळतात, त्याला मी पाचपैकी तीन देईन. वाटेच्या रेघेला एक, कारण ती अनोळखी माणसाला भरत्या पाण्यात नेऊन उभी करते. कासवांच्या किनाऱ्यावरच्या शेकोटीला काहीच नाही. विकणाऱ्या मुलांना मी हे सगळं सविस्तर कळवलं, लाल-पिवळ्या तुकड्यांची आमची फाइलही पाठवली, पैसे परत मागितले नाहीत. त्यांचं उत्तर आलं, नम्र होतं. शेकोटीचं पान त्यांनी काढलं आहे. तिथीचा रकाना घालतो म्हणाले, अजून घातलेला नाही. तो येईपर्यंत घेऊ नका, आणि घेतलाच तर तारखा त्यांच्या वेळापत्रकातून नाही, पंचांगातून ठरवा.

शेवटच्या दिवशी षष्ठी. गुहागरचा किनारा सकाळी सहापासून चालून काढला, असगोली, पालशेत, तिथून एसटीने वेळणेश्वर, आणि पुन्हा पायी हेदवी. हेदवीला बामणघळ आहे. खडकात समुद्राच्या बाजूने आत गेलेली एक अरुंद फट, जिच्यात भरतीचं पाणी कोंडतं आणि वर उसळतं. आराखड्यात ती सकाळी नऊ वाजता पाहायची लिहिली होती, षष्ठीच्या सकाळी नऊला तिथे नुसती कोरडी घळ असते. सगळी वाट ओहोटी शोधत आलेल्या आम्हाला शेवटी भरती हवी होती, आणि ती साडेचारला होती. चार वाजता जाऊन कडेपासून लांब बसलो. आधी फटीच्या तळाशी नुसता आवाज यायचा, कुणी माठात फुंकर घालावी तसा. मग ओला वारा. चार चाळीसला पाण्याचा पहिला खांब वर आला, आमच्या डोक्याच्याही वर गेला, आणि थेंब अंगावर पडले. भाच्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, “मामा, सहाचं पाऊण साडेचार. दहा मिनिटं उशीर झाला.”